त्रैक्य म्हणजे त्रिमूर्ती नव्हे, आणि सम्राटाचा ठरावही नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातील धर्मांच्या ईश्वरकल्पनांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला जेमतेम दोन परिच्छेद आले आहेत. जागेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तेवढ्या जागेत दोन विधाने अशी आली आहेत की, त्यांकडे दुर्लक्ष करणे वसईतल्या एका कॅथलिक घरात वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला जड जाते. पहिले विधान असे की, ख्रिस्ती लोकांचे ‘पवित्र त्रैक्य’ ही ब्रह्मा-विष्णू-महेशाचीच पश्चिमेकडील आवृत्ती होय. दुसरे असे की, हे तत्त्व मुळात नव्हतेच, इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने निकिया येथे बिशपांची सभा भरवून ते बहुमताने संमत करून घेतले. ही दोन्ही विधाने मराठीत इतक्यांदा छापून आली आहेत की, आता ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. लेखकाचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पहिल्या तुलनेमागे तर सरळ सद्भावच दिसतो. पण सद्भावाने केलेली चूकही चूकच असते.

ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे काय आहे ते आधी मांडतो. परमेश्वर एकच आहे, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे; तरीही पिता पूर्णपणे परमेश्वर आहे, पुत्र पूर्णपणे परमेश्वर आहे, आत्मा पूर्णपणे परमेश्वर आहे, आणि असे असूनही परमेश्वर तीन नाहीत. देवपणाचे तीन वाटे करून एकेक वाटा प्रत्येकाला दिला आहे, असा प्रकार येथे नाही. एकच परमेश्वर तीन प्रसंगी तीन सोंगे घेतो, असाही नाही. तिघांना एकमेकांपासून वेगळे ओळखायचे ते केवळ त्यांच्या परस्परसंबंधावरून. पिता कोणापासूनही नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, आत्मा पित्यापासून निघतो, आणि हे सारे काळाच्या आधीचे आहे, म्हणजे पुत्र नव्हता असा क्षण कधी नव्हताच. हे मनुष्याच्या बुद्धीत पूर्णपणे मावत नाही हे ख्रिस्ती धर्मशास्त्र स्वतःच कबूल करते. ‘तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो ते नेमके काही सांगता येते म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प बसायला नको म्हणून, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे, आणि त्रैक्यावर पंधरा खंडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावे याला मोल आहे.

त्रिमूर्तीशी केलेली तुलना पहिल्याच पायरीवर अडखळते. ब्रह्मदेवाने निर्माण करायचे, विष्णूने सांभाळायचे, महेशाने संहार करायचा, ही कामांची विभागणी आहे. ख्रिस्ती विचाराला नेमकी हीच विभागणी अमान्य आहे. निर्मिती असो, तारण असो वा पवित्रीकरण असो, जगाच्या बाबतीत परमेश्वर जे काही करतो ते तिघांचे मिळून एकच कृत्य असते, हे पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन्ही ख्रिस्ती परंपरांचे जुने सूत्र आहे. संहाराचे स्वतंत्र खाते तर तेथे कोणाकडेच नाही. शिवाय त्रिमूर्ती ही विश्वाच्या चक्राची, उत्पत्ती-स्थिती-लयाची मांडणी आहे. त्रैक्याची श्रद्धा उभी आहे ती एका ऐतिहासिक माणसावर, ज्याच्या मृत्यूची नोंद रोज म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारातही, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव कबुलीतही, ‘पंतय पिलाताच्या अमदानीत’ अशी, एका रोमन अधिकाऱ्याच्या नावाने केलेली असते.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्रिमूर्ती म्हटले की घारापुरीच्या लेण्यातील ते भव्य शिल्प येते. गंमत अशी की, त्या शिल्पातही ब्रह्मा, विष्णू आणि महेश नाहीत. ते सदाशिवाचे शिल्प आहे. मधला मुखवटा शांत, एका बाजूचा उग्र भैरवाचा, दुसऱ्या बाजूचा कोमल उमेचा, आणि तिन्ही शिवाचीच रूपे, असे मूर्तिशास्त्राचे अभ्यासक सांगतात. दत्तात्रेयाचीही तीच कथा. तीन शिरांचा दत्त आपल्या घराघरांतल्या तसबिरींत असतो, पण महानुभाव पंथाचा दत्तात्रेय एकमुखी आहे. म्हणजे ज्या कल्पनेच्या आधारे दुसऱ्याची कल्पना समजावून द्यायची, तीच आपल्याकडे इतकी अनेकपदरी आहे. तीन तोंडे असलेल्या एका देहाच्या रूपात त्रैक्य दाखवण्याची चूक युरोपातील चित्रकारांनीही मध्ययुगात केली होती. रोमने ती खपवून घेतली नाही. १६२८ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी अशा चित्रांना मनाई केली आणि १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ती मनाई पुन्हा बजावली.

त्रैक्याचे चित्र पाहायचेच असेल, तर पंधराव्या शतकाच्या आरंभी रशियात आंद्रेय रुब्ल्योव याने रंगवलेली प्रतिमा पाहावी. बायबलातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मम्रेच्या झाडांपाशी अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात. त्या कथेचा आधार घेऊन त्याने तीन देवदूत एका चौरंगाभोवती बसवले आहेत. तिघांचे चेहरे जवळजवळ सारखे, तिघांच्या हाती सारखाच बारीक दंड, तिघांच्या वस्त्रांत निळा रंग, पण प्रत्येकाच्या निळ्याची जागा वेगळी. मधला आणि उजवीकडचा डावीकडच्याकडे मान लववतात. मध्ये एकच पात्र आहे. चौरंगाची पुढची, म्हणजे पाहणाऱ्याकडची, बाजू मोकळी ठेवली आहे. कोण लहान, कोण मोठा, कोणाचे खाते कोणते, हे त्या चित्रात शोधून सापडत नाही.

आता निकियाकडे वळतो, कारण दुसरे विधान पहिल्यापेक्षा अधिक दिशाभूल करणारे आहे.

येशूचे पहिले शिष्य ज्यू होते. ‘परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ हे बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील वचन, ज्याला शेमा म्हणतात, ते दिवसातून दोनदा म्हणणारी ही माणसे. (रायगड जिल्ह्यातील आपले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, शतकानुशतके इतर पुष्कळ गोष्टींपासून तुटूनही हेच वचन जपून राहिले होते, एकेश्वरनिष्ठा किती चिवट असते हे मराठी मुलखाला परकीय नाही.) अशा लोकांनी एका माणसाला देव म्हणून भजावे ही गोष्ट सहज घडणारी नव्हती. तरीही ती घडली, आणि तीही फार लवकर. येशूला क्रुसावर दिल्यानंतर अवघ्या पंचवीसेक वर्षांत प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला दोन पत्रे लिहिली. पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो त्या शेमाचीच भाषा घेतो आणि ‘एकच देव, म्हणजे पिता’ व ‘एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त’ असे दोघांना तिच्यात एकत्र बसवतो. दुसऱ्या पत्राचा शेवट तो प्रभू येशूची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता अशा तिहेरी आशीर्वादाने करतो. त्रैक्य हा शब्द त्याच्या पत्रांत नाही हे खरेच. मात्र ज्या पेचातून तो शब्द पुढे जन्माला आला, तो पेच तेथे पुरेपूर आहे.

याला बाहेरचा साक्षीदारही आहे, आणि तो ख्रिस्ती नाही. इ.स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनिया प्रांताचा सुभेदार होता. त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले की, या ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे करायचे काय. चौकशीत त्याला एवढेच आढळले होते की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याला उद्देशून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. याच प्लिनीने ट्रेजनला आणखी एका पत्रात, अफाट खर्च होऊनही अर्धवट राहिलेल्या आणि भेगा पडू लागलेल्या एका नाट्यगृहाची हकीकत कळवली आहे. ते नाट्यगृह निकियाचे. म्हणजे कॉन्स्टन्टाइनची सभा ज्या प्रांतात भरली, त्याच प्रांतात ती भरण्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे लोक ख्रिस्ताला देव म्हणून गात होते, आणि त्यासाठी शिक्षाही भोगत होते. ‘त्रैक्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द अंत्युखियाच्या थिऑफिलसने इ.स. १८० च्या आसपास वापरला. लॅटिनमधला शब्द आणि ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ ही मांडणी कार्थेजच्या टर्टुलियनकडे, निकियाच्या शंभरेक वर्षे आधी, सापडते.

मग निकियाला घडले काय? अलेक्झांड्रियात एरियस नावाचा एक वयस्क धर्मगुरू शिकवू लागला की, पुत्र हा पित्याची सर्वांत पहिली आणि सर्वांत श्रेष्ठ निर्मिती आहे. श्रेष्ठ असली तरी शेवटी निर्मितीच, आणि तो नव्हता अशी वेळ होती. एरियस कसलेला वक्ता होता, आणि त्याची शिकवण खलाशांच्या व दळण दळणाऱ्यांच्या गाण्यांतून पसरली असे जुन्या इतिहासलेखनात म्हटले आहे. बिशप अलेक्झांडरने त्याला विरोध केला. वाद वाढला तेव्हा कॉन्स्टन्टाइनने दोघांनाही जे पत्र पाठवले त्यात या प्रश्नाला त्याने क्षुल्लक, न विचारलेलाच बरा, असे म्हटले आहे. ज्याला हे तत्त्व जन्माला घालायचे होते असा माणूस असे लिहीत नाही. त्याला राज्यात शांतता हवी होती, कोणत्याही बाजूची. म्हणून ३२५ साली त्याने सभा बोलावली. परंपरा ३१८ बिशपांची संख्या सांगते, इतिहासकार अडीचशे-तीनशेच्या घरात धरतात. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे सभेने म्हटले, आणि सही करायला अखेरपर्यंत नकार दिला तो दोन बिशपांनी. मतदानात त्रैक्य थोडक्यात निवडून आले, ही कथा येथेच संपते. (बायबलात कोणती पुस्तके घ्यायची हेही निकियात ठरले असे काही जण लिहितात. तो विषय त्या सभेपुढे नव्हताच.)

आणि निकियाने त्रैक्याचा पूर्ण सिद्धांत मांडला, असेही नाही. पवित्र आत्म्याबद्दल त्या सभेचे वाक्य ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच आहे. पुढची छप्पन वर्षे काय झाले ते लेखकाने पाहिले असते, तर सम्राटाच्या हुकमाची उपपत्ती त्यांना आपोआप सोडून द्यावी लागली असती. स्वतः कॉन्स्टन्टाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसकडून, जो एरियसचा पाठीराखा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टन्शियस याने निकियाविरोधी पक्षाला उघड बळ दिले. ३५९ मध्ये अरिमिनमला, म्हणजे आजच्या इटलीतील रिमिनीला, चारशेहून अधिक बिशप जमले, म्हणजे निकियापेक्षा जास्त, आणि सम्राटाच्या दडपणाखाली त्यांनी ‘तत्त्व’ हा शब्दच गाळलेला मसुदा मान्य केला. सम्राटाची मर्जी आणि बिशपांची डोकी मोजून श्रद्धा ठरत असती, तर आज जगभरचे ख्रिस्ती एरियसचे अनुयायी असते. निकियाची बाजू लावून धरणारा अथनेशियस हा अलेक्झांड्रियाचा बिशप पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत पाच वेळा हद्दपार झाला. त्याला हाकलणाऱ्या चार सम्राटांत कॉन्स्टन्टाइन पहिला होता.

अथनेशियसचा हट्ट कशासाठी होता? शब्दच्छलासाठी नव्हे. त्याचा मुद्दा असा की, ख्रिस्त जर निर्मिती असेल तर ख्रिस्ती लोक प्रार्थनेत त्याच्यापुढे जे गुडघे टेकतात ती मूर्तिपूजा ठरते. आणि माणसाचे तारण परमेश्वराने स्वतः केले नाही, एका वरिष्ठ दूताकडून करवून घेतले, असे मानावे लागते. एरियसचा परमेश्वर माणसाच्या दुःखात स्वतः कधीच उतरत नाही. हा मुद्दा ज्याला पटतो त्याला त्रैक्याचे पुढचे सारे क्रमाने मान्य करावे लागते, आणि ज्याला पटत नाही त्याने निदान वाद कशाबद्दल होता एवढे तरी जाणून घ्यावे. तो वाद विद्वानांपुरता राहिला नव्हता. निसाच्या ग्रेगरीने कॉन्स्टँटिनोपलचे वर्णन केले आहे, की तेथे सुट्टे पैसे मागितले तर सराफ जन्मलेल्या व न जन्मलेल्याबद्दल प्रवचन देतो, पावाचा भाव विचारला तर पिता मोठा व पुत्र धाकटा असे उत्तर मिळते, आणि स्नानाची तयारी झाली का म्हणावे तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असे ऐकावे लागते. ग्रेगरीला याचा वैताग होता. मला मात्र ते शहर बघायला आवडले असते. त्या शहरात ३८१ मध्ये भरलेल्या सभेने पवित्र आत्म्याविषयीचे वाक्य विस्तारले आणि ‘पिता व पुत्र यांच्यासह ज्याची आराधना होते’ असे म्हटले. रविवारच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, आम्ही जो दीर्घ विश्वासांगीकार म्हणतो तो मुख्यतः या सभेचा आहे. २०२५ साली निकियाला १७०० वर्षे झाली तेव्हा पोप चौदावे लिओ आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे कॉन्स्टँटिनोपल येथील प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) बार्थोलोम्यू तुर्कस्तानातील इझ्निकला, म्हणजे त्या जुन्या निकियाला, तलावाकाठी प्रार्थनेसाठी एकत्र आले होते.

पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने पुढे त्या विश्वासांगीकारात आत्मा पित्यापासून ‘व पुत्रापासून’ निघतो अशी भर घातली. रोममध्ये ती १०१४ पासून म्हटली जाऊ लागली आणि पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांच्या १०५४ च्या फुटीत तिचाही वाटा होता. मुंबई-पुण्यातील केरळी ऑर्थोडॉक्स बांधवांच्या विश्वासांगीकारात ते शब्द नसतात, आम्हा कॅथलिकांच्या असतात. एवढे सांगून हा उपविषय सोडतो, कारण त्यात शिरले तर पुरवणीच काढावी लागेल.

आमच्या बाजूचा दोषही सांगायला हवा. त्रैक्य समजावताना आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात बर्फ, पाणी आणि वाफ यांचा दाखला हमखास दिला जातो. मुलांना तो आवडतो आणि तो साफ चुकीचा आहे, कारण तेच पाणी एका वेळी एकाच अवस्थेत असते. एकच परमेश्वर आधी पिता, मग पुत्र, मग आत्मा होतो, ही तिसऱ्या शतकातील सॅबेलियसची शिकवण होती आणि ती ख्रिस्तसभेने नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगी पुत्र नदीत उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे. हा एकच प्रसंग तो दाखला निकालात काढायला पुरेसा आहे. आम्हीच असे शिकवत असू, तर बाहेरच्यांनी त्रिमूर्ती म्हटले यात नवल ते काय?

मराठी प्रदेशाचा या श्रद्धेशी संबंध पोर्तुगिजांपासून सुरू होतो असे समजले जाते. तो त्याहून जुना असावा. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, कल्लियाना येथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे बरेच अभ्यासक मानतात. आणि पर्शियाच्या ख्रिस्तसभेने निकियाचा विश्वासांगीकार ४१० मध्येच स्वीकारला होता. मराठी काव्यात ही श्रद्धा आली ती गोव्याच्या साष्टीत. १५७९ मध्ये गोव्याला आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘ॐ नमो’ म्हणून देवबापाला वंदन करून सुरू होतो, आणि मग पुत्राला व पवित्र आत्म्याला नमन करतो. मंगलाचरणाचा मराठी साचा त्यांनी तसाच ठेवला. वंदन मात्र गणेश-शारदेला न करता त्रैक्याला केले.

मग एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सुशिक्षितांच्या मनात त्रैक्याबद्दल एवढी अढी कोठून आली? माझ्या मते ती बऱ्याच अंशी ख्रिस्ती लोकांकडूनच आली, फक्त ते त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती होते. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचा संग्रह काढला आणि श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. त्या काळात विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरी रॉय यांच्याशी चर्चा करता करता स्वतःच त्रैक्य सोडून युनिटेरियन बनला, आणि कलकत्त्याच्या गोऱ्या समाजाने त्याला ‘दुसरा पतित आदाम’ असे नाव ठेवले. ब्राह्मो समाज आणि १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज यांचे युनिटेरियनांशी जिव्हाळ्याचे संबंध राहिले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला शिकले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर आणि युनिटेरियनांच्याच मँचेस्टर कॉलेजात. या परंपरेने महाराष्ट्राला पुष्कळ दिले. शिंद्यांचे अस्पृश्यतानिवारणाचे काम कोण विसरेल? परंतु ख्रिस्ती धर्माचे ‘शुद्ध’ रूप म्हणजे येशूची नीती आणि त्रैक्य म्हणजे नंतरची भेसळ, ही समजूतही तिने दिली. आपल्या लेखकांनी ती बहुधा नकळत उचलली आहे.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचा वृत्तान्त मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचा उल्लेख अशा लेखांत कधीच येत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, त्यात ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयीच्या शंका त्यांनी आडपडदा न ठेवता मांडल्या आहेत. बायबल वाचून मला जे दिसते ते मी मानीन, चर्चने सांगितले म्हणून मानणार नाही, मला माझी विवेकबुद्धी आहे, असा त्यांचा पवित्रा होता. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. बीलबाई अधिक समजूतदारपणे उत्तरे देत राहिल्या. बाप्तिस्मा घेतलेली, वेदान्ताचे वातावरण जाणणारी, संस्कृत पंडिता असलेली एक मराठी स्त्री व्हिक्टोरियन इंग्लंडातील धर्माधिकाऱ्यांना त्रैक्याबद्दल उलटतपासणी घेते आहे, हे दृश्य आपल्या बौद्धिक इतिहासात दुर्मीळ आहे. ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. रमाबाईंनी पुढे ख्रिस्ताला प्रभू मानूनच आयुष्य वेचले आणि केडगावला राहून हिब्रू व ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचे काम मृत्यूपूर्वी पुरे केले. ज्यांना त्रैक्यावर आक्षेप घ्यायचे आहेत त्यांनी रमाबाईंच्या तोडीचे घ्यावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे. ते आक्षेप मूळ वचने वाचून घेतलेले होते.

भारतीय परंपरेतून त्रैक्याकडे जाणारी वाट नाहीच, असे मला म्हणायचे नाही. ती वाट त्रिमूर्तीची नसून सच्चिदानंदाची आहे. केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात सत्, चित् आणि आनंद यांची सांगड त्रैक्याशी घातली. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र रचले, ज्यात पिता सत्, पुत्र चित् आणि आत्मा आनंद आहे. ते स्तोत्र आजही कॅथलिक आश्रमांत म्हटले जाते. (हेच उपाध्याय ‘संध्या’चे संपादक म्हणून राजद्रोहाच्या खटल्यात १९०७ मध्ये आरोपी होते आणि खटला चालू असतानाच वारले.) १९५० मध्ये तमिळनाडूत कावेरीकाठी दोन फ्रेंच धर्मगुरूंनी आश्रम काढला तोही सच्चिदानंद आश्रम या नावानेच. ही तुलना त्रिमूर्तीच्या तुलनेपेक्षा कितीतरी खोल आहे, कारण ती कामांबद्दल न बोलता परमेश्वराच्या स्वरूपाबद्दल बोलते. तरीही एक अंतर राहतेच. वेदान्तात सत् चित्‌शी बोलत नाही, त्याच्यावर प्रेम करीत नाही. त्रैक्यात पिता पुत्रावर प्रेम करतो आणि पुत्र पित्याला हाक मारतो. परमेश्वर प्रेम आहे असे योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. जग निर्माण होण्यापूर्वी तो कोणावर प्रेम करीत होता, हा प्रश्न त्यातून आपसूक निघतो, आणि त्रैक्य हे त्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर आहे. ज्यू आणि मुस्लिम विचारवंतांना या उत्तराने एकेश्वरवादाला तडा जातो असे वाटते. तो आक्षेप गंभीर आहे आणि चौदाशे वर्षांच्या संवादानंतरही तो मिटलेला नाही.

शेवटी, हे सारे ग्रंथांपुरतेच आहे असा समज होऊ नये म्हणून एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी ओततात आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेतात. दुसऱ्या पंथातून कोणी कॅथलिक ख्रिस्तसभेत आला, तर प्रश्न एवढाच विचारला जातो की, पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला आहे का. झाला असेल तर तो पुन्हा दिला जात नाही. याउलट मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा, तेच शब्द उच्चारले जात असूनही, व्हॅटिकनने २००१ मध्ये अग्राह्य ठरवला, कारण त्या शब्दांमागचा त्यांचा ईश्वर त्रैक्याचा नाही. यहोवाचे साक्षीदारही त्रैक्य मानत नाहीत. राष्ट्रगीत न गाण्याच्या प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकलेली केरळातील मुले याच पंथाची होती, आणि वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख सर्रास ‘ख्रिस्ती विद्यार्थी’ असा होतो. मुख्य प्रवाहातील ख्रिस्तसभा ही सीमारेषा किती काटेकोरपणे पाळतात ते यावरून दिसावे.

आपण या विषयावर आणखी लेख छापणार असाल तर आनंदच आहे. तोवर निदान एवढी दुरुस्ती छापावी, की निकियाच्या सभेपुढचा प्रश्न पुत्राच्या देवत्वाचा होता, पवित्र आत्म्याविषयीची मांडणी ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने केली, आणि त्रैक्याची श्रद्धा या दोन्ही सभांपूर्वीच्या ख्रिस्ती लिखाणात आढळते.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
वसई